मुसळ वाजलं नाही ते पाच दिवस

झाड पाडायला एक दिवस पुरेल, असं बारिमा पंचांसमोर छाती काढून म्हणाला होता. आणि त्याची आई फोरिवा त्याच्याही वर चढली होती. "एक दिवस कशाला? ऊन डोक्यावर यायच्या आत आडवं करेल माझा पोरगा. आणि असं आडवं करेल, की या पोकुआच्या कोकोचं पानसुद्धा हलणार नाही."

बोलून गेली. सगळं गाव तिला एनो म्हणायचं, म्हणजे आई. पण ते निम्मं मानानं आणि निम्मं तिच्या जिभेच्या धाकानं.

वावाचं ते झाड तिच्या आजीच्याही आधीपासून परसात उभं होतं. तिघांच्या कवेत न मावणारं. गेल्या पावसात त्याच्या एका अंगावर वीज पडली, ते अंग वाळून गेलं, आणि कमरेएवढी जाड एक फांदी फोरिवाच्या स्वयंपाकघरावर झुकून राहिली. महिन्याभरात वळवाची वादळं सुरू होणार होती. फांदी खाली आली असती तर चूल, उखळ आणि चुलीपाशी बसलेली फोरिवा, तिन्ही एका दमात जमिनीत गेली असती. म्हणून झाड पाडायचं. जंगलखात्याची चिठ्ठीही आली होती.

अडचण एवढीच, की झाडाच्या मागच्या अंगाला स्वयंपाकघर, एका हाताला शेजारीण अदवोआ पोकुआची कोकोची बाग, आणि समोर ओढ्यापर्यंत गेलेला केळीचा अरुंद पट्टा. त्या पट्ट्यावरून दोघी बायका अकरा वर्षं भांडत होत्या. केळी फोरिवाच्या भावानं लावलेली, आजेकुमनं, मरायच्या आदल्या वर्षी. पोकुआ म्हणायची, केळी कुणीही लावो, माती माझ्या आईची. शेवटी पंचांनी निवाडा दिला. झाड पट्ट्यावर पाडा. पोकुआचं कोकोचं एकही झाड मोडलं नाही, तर पट्टा कायमचा फोरिवाचा. एक जरी मोडलं, तर पोकुआचा.

"कबूल?"

पंचाचा प्रश्न संपायच्या आत फोरिवा म्हणाली होती, "कबूल!"

*

उत्तरेकडून हरमॅटनचा कोरडा वारा सुटला होता. त्या दिवसांत हवेत बारीक धूळ तरंगत राहते, ओठ फुटतात, आणि सूर्य असा फिका पडतो, की त्याच्याकडे चंद्रासारखं बघत बसावं. मंगळवारी सकाळी त्या धुरळ्यात बारिमानं आपलं नारिंगी मशीन बाहेर काढलं.

साखळी-करवतीचं ते मशीन त्यानं कुमासी शहरातून आणलं होतं. तिथल्या लाकूडबाजारात त्यानं तीन वर्षं काढली. तिथं तो नक्की काय करायचा, ते फोरिवाला कधी नीट कळलं नाही. त्याच्या खांद्यावरचे घट्टे बघून तिला वाटायचं, पोरानं मशीन कमी आणि फळ्याच जास्त उचलल्या. पण हे ती स्वतःशीसुद्धा मोठ्यानं म्हणायची नाही.

दोरी ओढली. एकदा, दोनदा, अकरा वेळा. बाराव्या खेपेला मशीन खोकलं, शिंकलं आणि असं ओरडलं, की फोरिवाची कोंबडी छपरावर जाऊन बसली. बारिमानं पातं खोडाला लावलं. धूर निघाला. भुसा काही निघेना. बऱ्याच वेळानं त्यानं पातं बाजूला घेतलं, तर खोडावर एक काळी तुकतुकीत रेघ. इस्त्री फिरवल्यासारखी.

"झाडाच्या मनात नाही, आई. अंडं ठेवायला हवं होतं बुंध्याशी."

"ठेवलंय अंडं. दारू शिंपडली, माफीही मागितली. झाडाचं झाडाला दिलं. मशीन इकडं आण."

फोरिवा शाळेत दोन वर्षं गेली, तीही झाडलोट करायला. पण कोयत्याला धार लावत तिची साठ वर्षं गेली होती. तिनं साखळीवरून अंगठा फिरवला आणि पोराकडे बघितलं.

"दात मागं बघतायत."

"काय?"

"दात, दात! साखळी उलटी चढवलीस. हे चावणार कसं? नुसतं चाटतंय झाडाला."

कुंपणापलीकडे पोकुआ कोकोच्या शेंगा फोडत बसली होती. तिनं कोयता खाली ठेवला, नीट हसून घ्यायला. "जेवताना तरी हात तोंडाकडे जातो ना गं त्याचा?"

"तुझ्या घरी जेवायला येत नाही ना? मग तुला काय!"

साखळी सुलटी झाली. मग लक्षात आलं, की तिला पाजायचं तेल संपलंय. लॉरी यायची बाजाराच्या दिवशी. बारिमानं कुणाला न विचारता स्वयंपाकघरातला लाल ताडतेलाचा डबा आणला आणि मशीनमध्ये ओतला.

मशीन सुरू झालं आणि परसभर तळणाचा घमघमाट सुटला. साखळीवरून तापलेलं तेल उडायला लागलं. झाडावर, केळीवर, बारिमाच्या शर्टावर, तोंडावर. गावातली कुत्री येऊन रांगेनं बसली. वरच्या आळीतल्या दोन बायका वाटी घेऊन आल्या आणि विचारायला लागल्या, "एनो, आज कुणाचं बारसं?" फोरिवाची मुलगी अदोमा हसून हसून उखळावरच बसली, आणि उखळावर बसू नये हेही तिला आठवलं नाही. दुपारपर्यंत बारिमा कढईतून काढलेल्या माशासारखा लालभडक झाला होता. तो जिथं जाईल तिथं कुत्री, आणि संध्याकाळी अंगणात बसला तर पायाशी मुंग्यांची ओळ.

पण झाड चिरलं मात्र. पट्ट्याच्या बाजूनं खोडात चांगली हातभर खाच पडली. झाडानं जांभई द्यायला तोंड उघडावं, तशी.

"उद्या मागून एक चीर," बारिमा म्हणाला, "की गेलं पट्ट्यात."

*

बुधवारी मागून चीर द्यायला सुरुवात झाली. पातं आत गेलं, हातभर गेलं. फोरिवा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं. मशीनच्या ओरड्याखाली झाडानं एक मोठा श्वास सोडला. आणि दिवसभर चालून आलेली म्हातारी पाटावर बसते, तसं ते झाड मागं बसलं. चीर मिटली. पातं आत, मशीन बाहेर.

बारिमानं ओढलं. खोडाला पाय लावून ओढलं. दोन्ही पाय लावून ओढलं, तेव्हा तो काही क्षण हवेत आडवा होता.

"सरक, सरक," मागून आवाज आला. पोकुआचा मुलगा अमोआको कुंपण ओलांडून आला होता, हातात स्वतःचं मशीन. "कुमासीला काय भांडी घासायचास काय? बघ, वरून चीर मारतो, तुझं पातं मोकळं करतो."

वरून चीर मारली. झाडानं तेही पातं गिळलं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पोकुआचं हसणं कुंपणापलीकडे अर्ध्यात थांबलं.

मग बादू सुताराला बोलावणं गेलं. बादू म्हातारा, हळू चालणारा, हळू बोलणारा, शनिवारी पुरायच्या मयताची पेटी अर्धी सोडून आला होता. "तुम्हा पोरांना घाई," तो म्हणाला. "लाकडाला विचारून काम करावं लागतं." त्यानं दोरा लावून माप घेतलं, खडूनं रेघ मारली, एक डोळा मिटून बघितलं, रेघ पुसली, परत मारली. मग आपलं मशीन सुरू केलं. तिघांत त्याचंच मशीन सगळ्यात नीट अडकलं. अगदी रेघेत.

आता गावात दुसरं मशीनच नव्हतं. खोडाला तीन मशीनं लटकत होती, नारिंगी, पिवळं आणि लाल. फोरिवाला आपली आई आठवली. सणाला असेच तीन डूल एका कानात घालायची. पण झाड तिच्या स्वयंपाकघराकडे झुकून बसलं होतं, आणि त्याला धरून ठेवायला मनगटाएवढं लाकूड तेवढं उरलं होतं.

संध्याकाळी अदोमानं नेहमीप्रमाणे फुफूच्या गोळ्यासाठी कसाव्याचे कंद आणि केळी उकडून उखळात टाकली आणि मुसळ उचललं. पहिला घाव पडला, तशी वरून एक वाळकी काटकी येऊन भांड्याच्या झाकणावर पडली. दुसऱ्या घावाला झाड कुरकुरलं. तिसरा घाव पडायच्या आत पंचांपैकी थोरले, जे झाड बघायला आले होते, त्यांनी दोन्ही हात वर केले.

"थांब पोरी! जमीन हादरतेय."

अदोमानं मुसळ हवेतच धरलं. उखळात अर्धा कुटलेला फुफू, आणि वर आभाळाएवढं झाड.

"मुसळ बंद," थोरले दबक्या आवाजात म्हणाले. "झाड असं लटकतंय तोवर इथं कुणी काही कुटायचं नाही. या आळीत नाही, त्या आळीतही नाही."

दवंडीवाला गावभर फिरला. पण घंटा वाजवायला तो घाबरला. घंटा काखेत धरून तो दारोदार गेला आणि कानाशी लागून सांगत सुटला.

*

गुरुवार धरणीचा दिवस. त्या दिवशी मातीत लोखंड घालत नाहीत, झाडालाही हात लावत नाहीत. म्हणून गुरुवारी झाड नुसतं उभं राहिलं.

शुक्रवारी पंच बसले. पहिल्या मशीनचा दोष की दुसऱ्याचा, यावर खल झाला, पण तो सगळा कुजबुजत. कुजबुजीत भांडता येत नाही. शिवी अर्ध्यात विरघळते. दुपारपर्यंत निम्मे पंच डुलक्या घेत होते, आणि निकाल एवढाच लागला, की दोष आहे.

त्या दिवसांत गावाला काहीतरी झालं होतं. रोज उन्हं उतरली की घराघरातून मुसळांचा ठोका सुरू व्हायचा. कुणाचा जड, कुणाचा हलका, कुठं नवरा-बायकोचा, कुठं सासू-सुनेचा. त्या ठोक्यावर पोरं घरी यायची, शेळ्या यायच्या, म्हातारे दात धुवायचे. आता ठोका नाही, म्हणून संध्याकाळ होतेय की नाही हेच कळेना. शेळ्या धुरळ्यात वाट चुकल्यासारख्या उभ्या राहायच्या. माणसं पाय न वाजवता चालायची. फिका सूर्य आभाळात लटकलेला, झाडात तीन मशीनं लटकलेली, आणि दोन्हींखाली सगळं गाव पाण्यात बुडाल्यासारखं मंद हलायचं.

जेवायला रोज उकडलेला कंद नाहीतर भाजलेलं केळ. "दात आल्यापासून मी रोज फुफू खाल्लाय," फोरिवा म्हणाली. "हे काय जेवण? हे तर आजाऱ्याचं."

पाणवठ्यावर बायका तिला वाट द्यायच्या. पूर्वी मानानं द्यायच्या, आता वेगळ्याच तऱ्हेनं. एकीनं डोक्यावरचा हंडा सावरत हळूच विचारलं, "एनो, तुमचं झाड कधी पडतंय? आमच्या ह्यांचं वजन उतरलं."

 आयुष्यात पहिल्यांदा फोरिवानं हंडा अर्धाच भरला आणि निघाली.

शनिवारी मयताचं कार्य होतं. बादूनं पेटी हातकरवतीनं कशीबशी पुरी केली होती, एक बाजू जरा आखूड. लांबून नातेवाईक आले होते, लाल आणि काळी कापडं नेसून. ढोल आले होते, पण ढोलांवर हात पडला नाही. थोरल्यांनी मनाई केली. मग काय करणार? माणसं ढोलाशिवाय नाचली. चवड्यांवर, हात पसरून, ओठांनी ताल धरून. सगळं अंगण लाल-काळ्या कापडांनी भरलेलं, हलतंय, झुलतंय, आणि आवाज नाही. मधोमध आखूड पेटीत म्हातारा. फोरिवाच्या मनात आलं, याला वाटत असेल, मेल्यावर आपल्याला ऐकूच येईनासं झालं.

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ती घरी आली आणि पट्ट्यात जाऊन बसली. आजेकुमच्या केळीला मोठे घड लागले होते. तिथं कोयता टेकवून उभा राहायचा तो. झाडं पाडायचा, कुऱ्हाडीनं. त्याच्या कंबरेच्या पिशवीत कायम काहीतरी खडखडायचं. काय खडखडायचं, ते तिला काही केल्या आठवेना.

*

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी हळू आवाजात प्रवचन दिलं. एरवी ते गर्जायचे. आता त्यांचा आवाज अंगाई गाणाऱ्या बाईसारखा झाला होता. खिडकीतून धुळीचा पिवळा उजेड आत येत होता. फोरिवाची मान एकदा पुढं गेली, एकदा मागं, आणि मग ती तिथं नव्हती.

ती परसात होती. झाड आडवं झालं होतं, पण मोडून नाही, सहज, लवंडल्यासारखं. त्याच्या बुंध्याशी तिची आई उभी होती, तरणीताठी, तिन्ही डूल घातलेली. तिच्या हातात मुसळ. समोर बुटक्या पाटावर पोकुआची आई बसलेली, हात ओला करून. दोघी कुटत होत्या. पण उखळ नव्हतं. आईचं मुसळ आडवं जात होतं, झाडाच्या चिरेत, आणि चीर पोळीसारखी फुगत होती.

"आई, काय करतेस?"

"भूक लागली," आई म्हणाली. "पाच दिवस झाले, तुमच्याकडून ठोका नाही. आम्ही म्हटलं, सगळे इकडंच येताय की काय." ती मुसळ आडवं मारत राहिली. "आजेकुमच्या पिशवीत बघितलंस का?"

फोरिवानं पिशवीत हात घातला. आत लाकडाचे तुकडे होते. चपटे, एका टोकाला जाड, एका टोकाला पातळ.

"पाचर!" फोरिवा भर चर्चमध्ये ओरडली.

पाच दिवसांत गावात उठलेला तो पहिला मोठा आवाज. दोन म्हाताऱ्या बाकाखाली वाकल्या. पाद्रीबाबा छताकडे बघत राहिले. काही पडलं नाही, तेव्हा ते हळूच म्हणाले, "आमेन."

*

"मुसळ?" अदोमा म्हणाली. "आई, तुझं मुसळ?"

सोमवारची सकाळ होती. फोरिवानं मुसळ पाटावर आडवं धरलं होतं. एसाच्या लाकडाचं, लोखंडासारखं टणक. कुटून कुटून टोकाला दाढी फुटलेली, आणि मधे जिथं हात पडायचे तिथं बारीक झालेलं, गुळगुळीत. आईच्या हातांनी झिजायला सुरुवात झाली होती, फोरिवाच्या हातांनी पुरं झालं होतं.

"वावाच्या मऊ लाकडाची पाचर वावात चिरडेल," ती म्हणाली. "एसाचं लाकूड घरात एवढंच आहे. काप, बादू."

"एनो, नवं आणतो ना जंगलातून. दोन दिवसांत."

"दोन दिवसांत हे गाव मला उकडलेल्या कंदासकट गिळेल. काप."

बादूनं या वेळी माप घेतलं नाही. हातकरवतीनं सहा पाचरी कापल्या. मुसळाचं जाड डोकं तेवढं उरलं, हातोड्यासारखं.

झाडाशी सगळं गाव जमलं होतं, लांब, अर्धवर्तुळात. बायकांनी स्वयंपाकघरातून उखळ, भांडी, पाट बाहेर काढून रस्त्याच्या मधोमध ठेवले होते. थोरले पुढं आले. "फोरिवा, ठोकू नकोस. झाड पडेल."

फोरिवा कमरेवर हात ठेवून वळली. पाच दिवस गिळलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं.

"पडेल? अहो, पाडायचंच होतं ना ते? पाडायचं झाड पडू नये म्हणून सगळं गाव पाच दिवस उपाशी! ढोल बंद, घंटा बंद, मुसळ बंद! आणि माझ्या तोंडाला बरे घाबरत नाही तुम्ही कुणी, ते तर झाडापेक्षा जड आहे!"

कुणीतरी हसलं. मग सगळं अर्धवर्तुळच हललं. थोरले मागं सरले.

तिनं पहिली पाचर चिरेत बसवली आणि मुसळाच्या डोक्यानं घाव घातला. ठोका. गावभर गेला तो. ओढ्यापलीकडची शेळी ओरडली. दुसरा घाव. तिसऱ्याला तिचा खांदा कळवळला, आणि बारिमा पुढं आला. लाल डाग अजून त्याच्या कानामागं होते.

"आई, दे. तू सांग, कुठं आणि किती."

त्याच्या आवाजात कुमासीचा तोरा नव्हता. तिनं मुसळाचं डोकं त्याच्या हातात दिलं आणि स्वतः तळहात खोडाला लावून उभी राहिली. "हळू. आता डावीकडची. आता परत ही." झाडाच्या आत काहीतरी सुटत होतं. तिच्या हाताला ते कळत होतं, पोटातलं पोर फिरल्यासारखं.

चौथ्या पाचरीला बादूचं मशीन सुटून खाली पडलं. पिकल्या पपईसारखं, धप्पदिशी. मग बारिमाचं. अमोआकोचं पिवळं मशीन हललं, पण पडलं नाही. उत्तरेचा वारा उठला. वर, धुरळ्यात, शेंडा पट्ट्याच्या बाजूला झुकायला लागला.

"सरका!" फोरिवा ओरडली. "बारिमा, टाक ते, पळ!"

बारिमा पळाला. पण अमोआको उलटा पळत आला. "माझं मशीन!" त्यानं मशीनची मूठ पकडली. झाड उठत होतं, चीर उघडत होती, आणि तो बुंध्याला चिकटून ओढत होता. फोरिवाच्या हातात त्याची जी जागा आली ती तिनं धरली. ती त्याच्या विजारीची कंबर होती. तिनं उभा जोर लावून ओढलं. मशीन सुटलं, नाडी तुटली, विजार गुडघ्यावर आली, आणि अमोआको मशीन पोटाशी धरून फोरिवाच्या अंगावर उताणा पडला. त्याच क्षणी तो जिथं उभा होता, तिथून बुंधा उसळून मागं गेला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकला.

मग आवाज. ढगासारखा, लांबत गेलेला. केळी पसरल्या. धूळ उठली आणि खूप वेळ खाली बसलीच नाही. त्या पिवळ्या धुळीत पानं तरंगत होती, कोंबडीची पिसं तरंगत होती, आणि अमोआको दोन्ही हातांनी मशीन धरून उभा होता, कारण विजार धरायला तिसरा हात नव्हता.

"पोरा," फोरिवा मातीतूनच म्हणाली, "आधी ते झाक. मशीन कुणी नेत नाही."

पोकुआ कुंपणाशी उभी होती. तिचा हात तोंडावर होता. ती हसत नव्हती.

*

झाड पट्ट्यात पडलं होतं, दोरा धरून आखल्यासारखं. पंच शेंड्याकडे चालत गेले, कोकोची एकेक रांग बघत. फोरिवा मागोमाग गेली, कंबर धरून. आणि तिला ते पंचांच्या आधी दिसलं. कोपऱ्यात, अगदी कुंपणाच्या कडेला, वावाच्या एका डहाळीनं कोकोचं एक झाड मोडलं होतं. मनगटाएवढं. शेंगेसकट. मोडलेल्या जागेतून रस झिरपत होता.

आजेकुमच्या केळीही मोडल्या होत्या. पण केळ परत उगवतं. पट्टा परत येत नाही.

थोरले तिथं पोचले. वाकले. "हे..."

"हे शुक्रवारचं," पोकुआ म्हणाली. ती कुठून आली ते कुणाला कळलं नाही. "माझ्या बोकडानं मोडलंय."

"अगं पण रस ओला आहे अजून."

"माझं झाड, माझा बोकड, माझा रस. तुम्हाला त्याचं काय? बोकडाला पंचांपुढं उभा करू का?"

थोरल्यांनी पोकुआकडे बघितलं, फोरिवाकडे बघितलं, आणि वर आभाळाकडे, जिथं पहिल्यांदाच मोकळी जागा दिसत होती. "पट्टा फोरिवाचा," ते म्हणाले. "चला, भूक लागली."

फोरिवानं तोंड उघडलं आणि मिटलं. गाव नंतर बरेच दिवस तेच सांगायचं, झाड पडलं हे नाही.

*

उन्हं उतरली आणि एकदम सगळीकडून सुरू झालं. वरच्या आळीतून, चर्चमागून, बादूच्या घरातून. धप्प, धप्प, पाच दिवसांचं एकदम. शेळ्या धुरळ्यातून धावत घरी आल्या.

फोरिवाच्या अंगणात उखळ परत आलं होतं. अदोमानं कसावा आणि केळी उकडली होती, ताडफळांचं कालवण चुलीवर रटरटत होतं. बारिमा पानं झाडत होता. सगळं होतं. मुसळ नव्हतं. वाफ निघून जात होती, कसावा निवायला लागला होता.

"वरच्या आळीत मागून आणू?" अदोमानं विचारलं.

"बस," फोरिवा म्हणाली. ती उठली. अंगण ओलांडलं, आडव्या झाडाच्या कडेनं गेली, कुंपणाशी उभी राहिली. अकरा वर्षांत ती तिथं भांडायला सोडून कधी उभी राहिली नव्हती.

"पोकुआ."

"काय?"

"मुसळ."

आतून पाट सरकल्याचा आवाज आला. मग, "माझं मुसळ जड आहे. तुला उचलायचं नाही."

"आण तर खरं."

पोकुआ खांद्यावर मुसळ घेऊन आली. अदोमानं हात पुढं केला, तिच्या हातात दिलं नाही. फोरिवाच्या हातात दिलं. मग लुगड्याचा काठ खोचून ती उखळापाशी बुटक्या पाटावर बसली, वाटीत हात बुडवला आणि ओला हात उखळात घातला.

"मार," ती म्हणाली.

फोरिवानं मुसळ उचललं. खरंच जड होतं. खाली कसाव्यावर पोकुआचा हात होता. तिनं घाव सोडला. हात वेळेवर सरकला, गोळा उलटला, परत आला. पोरी होत्या तेव्हा दोघी असंच कुटायच्या, आया ओरडेपर्यंत. हाताला आठवत होतं.

"तुझ्या बोकडासाठी केळीचा घड ठेवलाय," फोरिवा धापा टाकत म्हणाली. "मोठा."

"तो केळी खात नाही." हात सरकला, गोळा उलटला. "कोको मोडतो नुसता. मार, बोलू नकोस, गुठळ्या राहतायत."

फोरिवानं मुसळ वर नेलं.